एका इंजिनाची सत्तेचाळीस वर्षे

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या मोहल्ल्यात दुचाकी दुरुस्त करणारा एखादा मिस्त्री असेलच. शाळेतून घरी जाताना तुम्ही त्याच्या दुकानापुढे थांबलाही असाल. जमिनीवर पसरलेले इंजिनाचे भाग, ऑइलने काळे झालेले हात आणि कानाजवळ पाना धरून इंजिनाचा आवाज ऐकणारा तो कारागीर तुम्ही पाहिला असेल. बिघडलेली गाडी पुन्हा पूर्वीसारखी चालू करणे हे त्याचे काम. पण कारखान्यातून निघालेल्या गाडीचे इंजिन पूर्वीपेक्षाही जास्त ताकदीचे करायचे, हे काम वेगळे आहे. त्यासाठी गाडी बनवणाऱ्या इंजिनिअरांच्याही पुढे विचार करावा लागतो.

आज आपण अशाच एका माणसाची ओळख करून घेणार आहोत. त्याच्याजवळ कारखाना नव्हता, महागडी यंत्रे नव्हती आणि पैसाही फारसा नव्हता. होती ती एक जुनी मोटारसायकल. तिच्या इंजिनावर त्याने चाळीस वर्षांहून अधिक काळ काम केले आणि शेवटी जगाला आश्चर्य वाटेल असा वेग गाठला. त्याचे नाव बर्ट मन्रो.

नकाशात न्यूझीलंड हा देश शोधा. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेला समुद्रात दोन मोठी बेटे दिसतील. त्यांपैकी दक्षिणेकडील बेटाच्या अगदी टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचे शहर आहे. त्याच्या पलीकडे थोडा समुद्र ओलांडला की लहान बेटे आणि मग थेट दक्षिण ध्रुवाकडचा बर्फ. या शहरात २५ मार्च १८९९ रोजी बर्टचा जन्म झाला. त्याच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जन्मतःच वारली. बर्ट मात्र जगला.

इन्व्हरकार्गिलजवळच्या ईडनडेल या गावी त्याच्या वडिलांची शेती होती. बर्ट तिथेच वाढला. शेतीच्या कामात त्याचे मन रमत नसे. घरातला सर्वांत वेगवान घोडा काढायचा आणि शेतातून भरधाव सोडायचा, हा त्याचा आवडता छंद. वडील रागावत, पण बर्ट ऐकत नसे. त्या काळी मोटारी आणि मोटारसायकली नुकत्याच दिसू लागल्या होत्या. आकाशात विमाने उडू लागली होती. या नव्या यंत्रांनी त्या शेतकऱ्याच्या मुलाला जणू वेड लावले.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा बर्ट एकोणीस वर्षांचा होता. काही दिवस त्याने ओटिरा येथील रेल्वेच्या बोगद्याच्या कामावर मजुरी केली. पुढे वडिलांनी नवी शेती घेतली आणि त्याला परत बोलावले. पण आता त्याच्या आयुष्यात घोड्याची जागा मोटारसायकलने घेतली होती. १९२० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने एक नवी कोरी मोटारसायकल विकत घेतली. तिचे नाव होते इंडियन स्काउट.

हे नाव वाचून तुम्ही चकित झाला असाल. पण या इंडियनचा आपल्या भारत देशाशी काही संबंध नाही. इंडियन हे अमेरिकेतील एका कंपनीचे नाव. तिचा कारखाना मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड या शहरात होता. स्काउट हे त्या कंपनीचे त्या वर्षीचे नवे मॉडेल होते. रोज कामावर जावे, बाजारहाट करावा, फिरायला जावे, अशा साध्या वापरासाठी बनवलेली ही रस्त्यावरची गाडी होती. इंजिन ६०० सीसीचे, दोन सिलिंडरांचे. हे दोन सिलिंडर दोन बोटे फाकवल्यासारखे तिरपे बसवलेले होते. गिअर तीन. गाडी पूर्ण वेगाने सोडली, तर ताशी सुमारे ८९ किलोमीटर जाई. त्या काळाच्या मानाने हा वेग काही कमी नव्हता.

मन्रो यांचे मात्र एवढ्याने समाधान होईना. १९२६ पासून त्यांनी या गाडीच्या इंजिनात बदल करायला सुरुवात केली.

आता मित्रांनो, इंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे नेमके काय करायचे, हे आपण थोडे समजून घेऊ. विज्ञानाच्या तासाला तुम्ही इंजिनाविषयी शिकला असालच. सिलिंडर म्हणजे धातूची एक पोकळ नळी. तिच्यात पिस्टन, म्हणजेच दट्ट्या, खालीवर सरकतो. पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढली जाते. पिस्टन वर येताना ती दाबली जाते. मग ठिणगी पडते, वायू पेट घेतो आणि पिस्टनला जोराने खाली ढकलतो. पुन्हा वर येताना पिस्टन जळालेला वायू बाहेर काढतो. पिस्टनची ही धाव कनेक्टिंग रॉड नावाच्या दांड्यामुळे क्रँकपर्यंत पोहोचते आणि तिचे रूपांतर फिरण्यात होते. शेवटी तीच गती साखळीवाटे मागच्या चाकाला मिळते.

यावरून ताकद वाढवण्याचे चार मार्ग लक्षात येतील. पहिला मार्ग म्हणजे सिलिंडर मोठा करणे. मोठ्या सिलिंडरात जास्त वायू मावतो. दुसरा मार्ग म्हणजे तो वायू अधिक दाबून मग पेटवणे. तिसरा मार्ग म्हणजे इंजिनाला मोकळा श्वास घेऊ देणे. हवा आत येण्याचा आणि धूर बाहेर जाण्याचा रस्ता जितका सरळ, तितके इंजिन जोमदार. चौथा मार्ग म्हणजे इंजिन अधिक वेगाने फिरवणे. एका मिनिटात जितक्या जास्त वेळा वायू पेटेल, तितकी जास्त शक्ती मिळेल.

ऐकायला हे सोपे वाटते. अडचण पुढेच आहे. साखळीची एक कडी मजबूत केली, की ताण दुसऱ्या कच्च्या कडीवर येतो. इंजिनाचेही तसेच असते. जास्त दाब दिला, की पिस्टन जळतो किंवा त्याला भोक पडते. इंजिन जास्त वेगाने फिरवले, की कनेक्टिंग रॉड तुटतो. फिरण्याचा वेग दुप्पट केला, तर पिस्टनच्या धावण्यामुळे त्या दांड्यावर पडणारा ताण चौपट होतो. दांडा मजबूत केला, तर क्लच घसरू लागतो. क्लच सुधारला, तर साखळी तुटते. म्हणजे ताकदवान इंजिन एकदाच बनवून होत नाही. ते मोडते, दुरुस्त होते आणि पुन्हा दुसऱ्या जागी मोडते. जो या मोडण्याला कंटाळला, त्याचे काम तिथेच संपले.

मन्रो कंटाळले नाहीत. ते दिवसा मोटारसायकली विकण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करीत. रात्र झाली, की स्वतःच्या गाडीवर काम सुरू होई. पुष्कळदा ते रात्रभर जागत आणि सकाळी तसेच नोकरीवर जात. बाजारातून महागडे सुटे भाग आणणे त्यांना परवडण्यासारखे नव्हते. शिवाय त्यांना हवे होते तसे भाग बाजारात मिळतही नव्हते. म्हणून त्यांनी ते स्वतः बनवायचे ठरवले.

पिस्टन कसे बनवले असतील, याची कल्पना करा. ते धातू वितळवीत आणि जुन्या डब्यांचा साचा करून त्यात तो ओतीत. ओतीव तुकडा थंड झाला, की त्याला कापून घासून पिस्टनचा आकार देत. कनेक्टिंग रॉडसाठी त्यांना फार चिवट पोलाद हवे होते. ते त्यांना एका जुन्या ट्रॅक्टरच्या आसात सापडले. त्या आसाच्या पोलादातून त्यांनी हाताने कोरून दांडे तयार केले आणि तापवून व थंड करून त्यांना पाणी दिले. मोजमाप करण्यासाठी लागणारा मायक्रोमीटरसुद्धा विकतचा नव्हता. चाकाच्या एका जुन्या तारेपासून त्यांनी तो घरीच बनवला होता. सिलिंडर, फ्लायव्हील, कॅम आणि ऑइल पुरवण्याची व्यवस्था हेही सारे त्यांनी स्वतःच तयार केले.

इंजिनाच्या रचनेतही त्यांनी मोठा बदल केला. मूळ स्काउटच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. त्यामुळे आत येणाऱ्या वायूला वळसा घालून जावे लागे. मन्रो यांनी झडपा सिलिंडरच्या डोक्यावर आणल्या. आता वायूला सरळ वाट मिळाली आणि इंजिनाला मोकळा श्वास घेता येऊ लागला. झडपांची उघडझाप नीट व्हावी म्हणून त्यांनी चार कॅमची रचना बसवली. वाढलेली ताकद पेलण्यासाठी सतरा चकत्यांचा क्लच बनवला आणि तिपदरी साखळी लावली. मूळचे ६०० सीसीचे इंजिन हळूहळू मोठे होत गेले. शेवटी ते ९५० सीसीचे झाले.

या कामात किती भाग मोडले असतील, त्याची गणती नाही. दुसऱ्या कोणी ते मोडके तुकडे भंगारात टाकले असते. मन्रो यांनी ते जपून ठेवले. जळालेले पिस्टन, तुटलेले दांडे, फुटलेले सिलिंडर त्यांनी आपल्या गॅरेजमधल्या फळ्यांवर मांडून ठेवले होते. ही सारी वेगाच्या देवतेला दिलेली भेट आहे, अशा अर्थाचे शब्द त्यांनी तिथे लिहून ठेवले होते. त्यात थट्टा होती आणि शहाणपणही होते. तुटलेला दांडा नेमका कुठे तुटला, पिस्टन कोणत्या बाजूने जळाला, हे पाहूनच पुढचा भाग कसा करायचा ते ठरते. नापास झालेल्या उत्तरपत्रिका फाडून न टाकता समोर ठेवून अभ्यास करावा, तसेच हे होते.

इन्व्हरकार्गिलजवळ ओरेटी नावाचा लांबलचक समुद्रकिनारा आहे. ओहोटीनंतर तिथली ओली वाळू घट्ट आणि सपाट होते. तो किनारा म्हणजे मन्रो यांची प्रयोगशाळा. नवा भाग बसवला, की ते गाडी तिथे नेत आणि पूर्ण वेगाने सोडून पाहत. तिथल्या शर्यतींतही ते भाग घेत. १९४० साली त्यांनी ताशी सुमारे १९४ किलोमीटर वेग गाठून न्यूझीलंडचा विक्रम केला. ताशी ८९ किलोमीटर धावणारी गाडी वीस वर्षांत दुपटीहून अधिक वेगाने पळू लागली होती. त्यांच्याजवळ १९३६ सालची आणखी एक मोटारसायकल होती, ती व्हेलोसेट कंपनीची. तिच्यावरही त्यांनी असेच प्रयोग केले.

पण या ध्यासाची किंमतही त्यांना मोजावी लागली. १९२७ मध्ये त्यांचे लग्न झाले होते. त्यांना चार मुले होती. ज्या माणसाच्या रात्री इंजिनाजवळ जातात, त्याच्या घरी काय होत असेल, हे सांगायला नको. १९४७ मध्ये पतिपत्नी कायमची विभक्त झाली. त्यानंतर मन्रो यांनी नोकरीही सोडली आणि ते आपल्या मोटारसायकलींबरोबर एका गॅरेजमध्येच राहू लागले. त्याच खोलीत त्यांचा बिछाना आणि त्याच खोलीत त्यांची हत्यारे. थोर कामे करणाऱ्या माणसांच्या चरित्रात अशी एखादी दुःखाची बाजू असते. ती झाकून ठेवली, तर चरित्र खरे होत नाही.

एका गोष्टीने मन्रो फार दिवस अस्वस्थ होते. किनाऱ्यावरची वाळू संपते. गाडी पूर्ण वेगात येते न येते, तोच ब्रेक लावावा लागतो. आपले इंजिन खरोखर किती वेगाने धावू शकते, हे त्यांना कळायला हवे होते. ते कळण्यासाठी जगात एक उत्तम जागा होती. ती म्हणजे अमेरिकेच्या युटा राज्यातील बॉनव्हिल.

बॉनव्हिल हे मिठाचे मैदान आहे. हजारो वर्षांपूर्वी तिथे एक प्रचंड सरोवर होते. ते आटले आणि मागे मिठाचा पांढरा, टणक थर उरला. डोळे दिपवणारे ते मैदान मैलोन्‌मैल सपाट आहे. ना झाड, ना दगड, ना वळण. दर वर्षी उन्हाळ्यात, पाऊस नसताना, तिथे वेगाच्या चाचण्या होतात. मैदानावर काळी रेघ आखलेली असते. चालकाने त्या रेघेच्या आधाराने गाडी सरळ पळवायची. विक्रम मान्य होण्यासाठी एकदा जाताना आणि एकदा उलट दिशेने येताना, अशा दोन्ही वेळा वेग मोजतात आणि त्यांची सरासरी काढतात. असे का, ते तुमच्या लक्षात आले का? एका दिशेने वारा पाठीमागून ढकलत असेल, तर उलट दिशेने तोच वारा अडवतो. त्यामुळे कोणालाही वाऱ्याचा फुकट फायदा मिळत नाही.

न्यूझीलंडहून बॉनव्हिलला जायचे म्हणजे सारा पॅसिफिक महासागर ओलांडून जायचे. मन्रो पहिल्यांदा तिथे गेले ते केवळ पाहायला. पुढे मात्र गाडी घेऊन गेले. साठी उलटलेली होती. हृदयाचा विकार जडला होता. छातीत कळा येत. तरीही ते थांबले नाहीत. एकूण दहा वेळा त्यांनी बॉनव्हिलची वारी केली आणि त्यांपैकी नऊ वेळा तिथे गाडी पळवली.

तिथे एक नवा शत्रू त्यांची वाट पाहत होता. तो म्हणजे हवा. सायकल जोरात चालवताना छातीवर येणारा वारा तुम्ही अनुभवला असेल. वेग दुप्पट झाला, तर हवेचा हा विरोध चौपट होतो. तो वेग टिकवायला लागणारी शक्ती तर आठपट होते. वेग तिप्पट करायचा असेल, तर केवळ हवेशी झुंजण्यासाठी सत्तावीसपट शक्ती हवी! इंजिन कितीही सुधारले, तरी एवढी शक्ती कोठून आणणार? म्हणून मन्रो यांनी दुसऱ्या बाजूनेही विचार केला. त्यांनी गाडीवर माशाच्या आकाराचे निमुळते कवच चढवले. माशाला पाणी जसे सहज वाट देते, तशी या कवचाला हवा वाट देते. त्या अरुंद कवचात पोटावर पडून, मान वर करून ते गाडी चालवीत.

१९६२ साली त्यांनी ८५० सीसीच्या इंजिनावर ८८३ सीसी गटाचा विक्रम केला. वेग होता ताशी सुमारे २८८ किलोमीटर. १९६६ मध्ये ते मोठ्या, म्हणजे १००० सीसीच्या गटात उतरले. तिथे त्यांनी ९२० सीसीच्या इंजिनावर ताशी २७०.४८ किलोमीटर वेगाने त्या गटाचा विक्रम नोंदवला.

मग १९६७ साल उजाडले. मन्रो अडुसष्ट वर्षांचे झाले होते आणि त्यांची गाडी सत्तेचाळीस वर्षांची. इंजिन आता ९५० सीसीचे होते. त्या वर्षीच्या एका धावेत मोठाच प्रसंग ओढवला. गाडी भन्नाट वेगात असताना अर्ध्याहून अधिक अंतर कापल्यावर ती एकाएकी डुगडुगू लागली. वेग कमी करावा म्हणून मन्रो उठून बसले. त्याबरोबर वाऱ्याने त्यांच्या डोळ्यांवरचा चश्मा हिसकावून नेला. समोरचे काहीच दिसेना. गाडी काळ्या रेघेपासून दूर भरकटली आणि मैदानात रोवलेल्या एका लोखंडी खुंटाला अगदी थोडक्यात चुकवून गेली. शेवटी त्यांनी ती मिठावर आडवी टाकली. अंगावर थोडे ओरखडे उठले, एवढेच. या वयात, दुबळ्या हृदयाच्या माणसाचा तिथेच शेवट झाला असता. पण ते वाचले.

त्याच १९६७ साली बॉनव्हिलमध्ये त्यांचा सर्वांत मोठा विक्रम नोंदला गेला. १००० सीसीच्या गटात ताशी २९५.४५ किलोमीटर! त्यासाठी पात्र ठरताना एका दिशेच्या धावेत तर त्यांनी ताशी ३०५.८९ किलोमीटर वेग गाठला होता. जी गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा ताशी ८९ किलोमीटर जात होती, तीच ही गाडी. सीसीच्या हिशोबाने इंजिन दीडपटीहून थोडेसेच मोठे झाले होते. वेग मात्र तिपटीहून जास्त झाला होता. मधला सारा फरक एका माणसाच्या हातांचा आणि चिकाटीचा होता.

मित्रांनो, इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. मन्रो यांनी हे विक्रम रहदारीच्या रस्त्यावर केले नाहीत. ते मिठाच्या मोकळ्या मैदानावर, नियमांनुसार, मोजणी करणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर केले. धोका पत्करला तो स्वतःचा. बाजारपेठेतून किंवा शाळेसमोरून गाडी भरधाव नेणारा धोका दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. त्यात शौर्य नाही आणि कारागिरीही नाही.

पुढे मन्रो यांची प्रकृती ढासळत गेली. १९७७ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ज्या हातांनी ट्रॅक्टरच्या आसातून दांडे कोरले, त्या हातांवर आता पूर्वीसारखा ताबा राहिला नाही. आपल्या मोटारसायकली आपल्याच भागात राहाव्यात, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून त्यांनी त्या इन्व्हरकार्गिलमधील हेज या व्यापाऱ्यांना विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, मन्रो यांचे निधन झाले. त्याच शहरात त्यांची कबर आहे.

त्यांच्यामागे त्यांची कीर्ती वाढतच गेली. २००५ साली त्यांच्या जीवनावर एक इंग्रजी चित्रपट निघाला. रॉजर डोनाल्डसन यांनी तो दिग्दर्शित केला आणि प्रसिद्ध अभिनेते अँथनी हॉपकिन्स यांनी मन्रो यांची भूमिका केली. २००६ मध्ये अमेरिकेतील मोटारसायकल संघटनेने आपल्या सन्मान यादीत त्यांचे नाव घातले. त्याच वर्षापासून इन्व्हरकार्गिलमध्ये त्यांच्या नावाने मोटारसायकलींच्या शर्यती सुरू झाल्या. ओरेटीची ती घट्ट वाळू पुन्हा चाकांखाली गर्जू लागली.

आणखी एक गंमत ऐका. १९६७ च्या विक्रमाचे कागद पाहताना मन्रो यांच्या मुलाच्या लक्षात आले, की दोन धावांची सरासरी काढताना हिशोबात चूक झाली आहे. त्याने ती अमेरिकेच्या संघटनेला कळवली. २०१४ मध्ये, म्हणजे मन्रो यांच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी, संघटनेने ती चूक दुरुस्त केली आणि विक्रमाचा आकडा वाढून ताशी सुमारे २९६.२६ किलोमीटर झाला. इंजिन बंद होऊन कितीतरी वर्षे झाली होती. तरी त्या जुन्या गाडीचा वेग थोडासा वाढलाच!

बर्ट मन्रो कोणत्याही इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले नव्हते. डबे, जुनी तार आणि ट्रॅक्टरचा आस, अशा टाकाऊ वस्तूंतून त्यांनी आपले शिक्षण घेतले. तुमच्या मोहल्ल्यातल्या मिस्त्रीच्या दुकानात एखादा जळका पिस्टन पडलेला दिसला, तर तो हातात घेऊन नीट पाहा. तो कोणत्या बाजूने जळाला आहे, ते शोधा. का जळाला असेल, ते मिस्त्रीला विचारा. मन्रो यांचा अभ्यास तिथूनच सुरू झाला होता.

शब्दार्थ

ध्यास – मनाला सतत लागलेला एकच विचार
आस – गाडीची चाके ज्याला जोडलेली असतात तो दांडा
साचा – वितळलेला धातू ओतून आकार देण्याचे भांडे
पाणी देणे – पोलाद तापवून व थंड करून कणखर करणे
झडप – वायूची वाट उघडणारी व बंद करणारी रचना
निमुळता – टोकाकडे बारीक होत जाणारा
पक्षाघात – शरीराचा एखादा भाग लुळा पडण्याचा आजार

स्वाध्याय

१. इंजिनाची ताकद वाढवण्याचे चार मार्ग कोणते?
२. मन्रो यांनी मोडलेले भाग का जपून ठेवले असावेत?
३. विक्रम मोजताना गाडी दोन्ही दिशांनी का पळवतात?
४. ध्यासापायी मन्रो यांना कोणती किंमत मोजावी लागली? त्याविषयी तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. वाक्यात उपयोग करा : वेड लावणे, थोडक्यात चुकणे, डोळे दिपणे.
६. तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराला भेटा आणि त्याने स्वतः बनवलेल्या एका हत्याराची माहिती मराठीत लिहा.